मुंजाजीकाकांनी शोधलेली जागा

संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचं हा नियम बहुतेक शाळांनी केव्हाच सोडून दिला असेल. हिंगोलीकडच्या पुसेगावच्या आमच्या शाळेत मुंजाजीकाका होते तोवर तो टिकला. एकदा जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी उंबऱ्यावर थांबवलं. साहेबांचे बूट नाडीचे. "साहेब, धूळ आत गेली की मशिनी खोकतात," एवढं बोलून काका स्वतःच खाली बसले आणि साहेबांच्या बुटाची नाडी सोडायला लागले. साहेब ओशाळले, घाईघाईनं बूट काढून मोज्यांवर आत गेले. डाव्या मोज्याला अंगठ्याएवढं भोक होतं. एरवी दोन तास चालणारी तपासणी त्या दिवशी वीस मिनिटांत उरकली आणि शेरा 'उत्तम' मिळाला. मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी या यशाचं श्रेय शाळेच्या शिस्तीला दिलं. खरं श्रेय कोणाचं ते आम्हाला ठाऊक होतं.

काकांचं पद प्रयोगशाळा परिचराचं. परीक्षानळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवणं, बेडकाची बरणी पोरांपासून वाचवणं, ही त्यांची कामं. शाळेत दहा संगणक आले तेव्हा ती खोली कोणाच्या ताब्यात द्यायची यावर बराच खल झाला. कोणत्याच शिक्षकाला जबाबदारी नको होती. शेवटी किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याच्याच कमरेला आणखी एक किल्ली अडकवली गेली. काका गवंड्याचं पोरगं. लहानपणी बापाच्या हाताखाली चिखल तुडवलेला, पुढं कशीबशी दहावी झालेली. उंच, वाळके, एक खांदा जरा उतरलेला. शर्टाच्या खिशात पेन असायचंच, आणि पेनाच्या मागे दुमडलेली पांढरी टोपी. टोपी फक्त झेंडावंदनाला आणि मयतीला डोक्यावर चढे.

मी तिथे तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायला गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत मोडायला काकांना साधारण महिना लागला.

त्याचं असं झालं. संगणकाच्या पडद्यावर काही सूचना आली की आम्ही शिक्षक मंडळी काय करतो? ओके दाबतो. वाचत बसत नाही. काकांना याचा भयंकर राग. "ते बिचारं कायतरी सांगून राहिलं, अन् तुमी त्याचं तोंड दाबून मोकळे! माणूस असतं तर ऐकलं असतं ना?" काकांना इंग्रजी बेताचंच. पण त्यांच्याकडे एक शंभर पानी वही होती. पडद्यावर सूचना आली की ती अक्षरं ते वहीत उतरवून काढत. लिहीत नसत, चित्र काढावं तशी एकेक रेघ बघून काढत. खाली तारीख, कोणत्या मशीनवर आलं ते, आणि त्या वेळी खोलीत कोण होतं ते. मग मधल्या सुट्टीत वही घेऊन माझ्यासमोर उभे. "सर, ह्याचा अर्थ सांगा. बराबर सांगा, अंदाजानं नगं."

या शेवटच्या वाक्यानं मी अनेकदा घामाघूम झालो आहे. कारण मला पुष्कळदा अर्थ येत नसे. इंग्रजीचा मास्तर असून शब्दकोश उघडावा लागे, आणि मी अर्थ शोधेपर्यंत काका शांतपणे उभे राहत.

मशिनींना त्यांनी नावं ठेवली होती. घरी बायकोच्या शेळ्या होत्या, त्यांच्याच नावांवरून ही नावं. चांदी, मोरी, बांडी, कावरी. "सर, मोरीला आज बरं न्हाई, पोरांना बांडीवर बसवा." नवख्या माणसाला वाटावं, शाळेत गोठा आहे. ऑफिसातल्या मोठ्या मशीनचं नाव मात्र पाटलीण. सगळ्यांत नवी, सगळ्यांत तोऱ्याची, आणि शाळेचा सगळा संसार तिच्या पोटात. मुलांचे फोटो, सह्या, निकाल, दाखले, झाडून सगळं. मोठे सर एरवी फार गंभीर माणूस, पण एकदा फोनवर कोणाला तरी "थांबा, पाटलीण चालू होऊ द्या" म्हणाले आणि शिक्षकांच्या खोलीत दिवसभर हसू पुरलं.

काकांची एक जुनी गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. गावातल्या एकानं मातीचं जुनं घर विकत घेतलं. राहायला गेल्यावर त्याच्या बायकोला सारखं वाटायचं, मधली खोली बाहेरून दिसते तेवढी आत नाही. लोकांनी तिला वेड्यात काढलं. काका तेव्हा विशीत होते. ते गेले आणि घराच्या बाहेरून पावलं टाकत चालले. मग आतून चालले. खोल्या मोजल्या, भिंतींची जाडी मोजली. दोन हात कमी भरले. "हिशेबात जे बसत न्हाई ते भिंतीत असतं," म्हणाले आणि एका जागी सब्बल, म्हणजे पहार, घातली. आत बळद निघालं. धान्य लपवायची भिंतीतली जागा, पूर्वी आमच्याकडे घरोघर असायची तशी. आता यात सोनं निघालं असं सांगायला मला आवडलं असतं. निघाली कुजून काळी पडलेली ज्वारी आणि मेलेले किडे. घरमालक हिरमुसला, पण त्याच्या बायकोला दोन हात खोली मिळाली आणि ती वेडी नाही हे गावाला कळलं. काका ही गोष्ट सांगताना नेहमी त्या बाईवर संपवायचे, ज्वारीवर नाही.

माझ्या पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत काकांनी मला कामाला लावलं. शाळेची जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरं कपाटात होती. कोण पोरगं कधी शाळेत आलं, कधी गेलं, बापाचं नाव काय, जन्म कधीचा, याची नोंद असलेली लांबलचक बाडं. सगळ्यांत जुन्यांतली काही पानं तर उर्दूत. पंचक्रोशीतल्या लोकांना कोणत्याही सरकारी कामाला शेवटी या रजिस्टरातला उतारा लागतोच. पानं हात लावला की तुटायची. "सर, तुमच्या मोबाइलचा कॅमेरा चांगला हाय. एकेका पानाचा फोटू काढू. मी पानं उलटतो, तुमी काढा." आठ दिवस आम्ही तेच केलं. काका बांबूची पातळ काडी पानाखाली सारून पान उलटायचे, आणि माझा हात हलला की "परत" म्हणायचे. सगळे फोटो आम्ही वायर लावून पाटलिणीत भरले.

त्यानंतर काही महिन्यांनी मोठ्या सरांनी पाटलिणीची सगळी भोकं बुजवली. कोणीतरी लग्नाच्या शूटिंगचा पेन ड्राइव्ह लावला होता, त्यातून व्हायरस आला, दोन दिवस ऑफिस बंद पडलं. सर संतापले. खिडकीच्या काचा बसवायला लांबी, म्हणजे पुट्टी, आणलेली होती, ती त्यांनी कीबोर्ड, माउस, प्रिंटर आणि इंटरनेटच्या वायरींची जागा सोडून बाकीच्या सगळ्या सॉकेटांत ठासून भरायला लावली. वाळल्यावर ती दगड झाली. व्हायरस आत यायचा बंद झाला हे खरं, पण आतलं काही पेन ड्राइव्हवर बाहेर न्यायचंही बंद झालं.

आणि मग पाटलिणीची जागा संपायला लागली. डिस्कमधली मोकळी जागा दाखवणारी पट्टी लाल झाली. काकांच्या वहीत जागा संपत आल्याची सूचना पहिल्यांदा कधी आली त्याची तारीख आहे. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, कोणी मनावर घेतलं नाही. मशीन अगदीच अडायला लागली तेव्हा सरांनी बैठक बोलावली. जागा करायची तर काहीतरी काढावं लागणार. कोणाचं काढायचं? प्रत्येक शिक्षकाचं पाटलिणीत आपल्या नावाचं एक फोल्डर होतं, आणि आपलं फोल्डर किती महत्त्वाचं यावर प्रत्येकाचं भाषण तयार होतं. शेवटी सरांनी तोडगा काढला, जो आमच्या खात्यातल्या माणसालाच सुचू शकतो. सेवाज्येष्ठता यादी. शेवटच्या नंबरापासून सुरुवात करायची, जागा होईपर्यंत वर सरकायचं.

शेवटचा नंबर माझा. माझ्या प्रश्नपत्रिका, कवितांच्या चाली, वर्षभराच्या टिपणांसकट सगळं दहा मिनिटांत गेलं. मला धसका होता तो रजिस्टरांच्या फोटोंचा. एकतीस जीबीचं ते फोल्डर माझ्याच नावाखाली होतं. घाबरत बघितलं तर जागेवर नाही. माझा चेहरा बघून काका कानाशी आले. "सर, ते मी कवाच हलवलं. मोठ्या सरांच्या फोल्डरात ठेवलंय. तितं कोण हात घालतंय?" मी कधी कोणा माणसाला भर बैठकीत मिठी मारली नाही, पण त्या दिवशी मोह झाला होता.

मोकळी केलेली जागा पंधरा दिवसांत पुन्हा भरली. नवीन काहीच कोणी ठेवलं नव्हतं. काकांनी वहीत लिहिलं, 'काढलं तेवढं परत भरलं. कोण खाऊन राहिलं?' मी ते वाचून हसलो होतो, हे इथं कबूल करतो.

दहावीचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत, एकसष्ट मुलांचे फॉर्म जायचे, आणि त्यांचे फोटो-सह्या सगळं पाटलिणीत. सकाळी प्रार्थनेच्या वेळेलाच सत्यभामा आणि तिचा बाप किसन शाळेच्या दारात येऊन उभे होते. सत्यभामा आमच्याच शाळेची, बारावी होऊन नर्सिंगला नंबर लागलेला. प्रवेश पक्का व्हायला जात पडताळणीची फाइल द्यायची होती आणि तीत बापाच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा हवा होता. फाइल द्यायचा शेवटचा दिवस उद्याचा. किसन मेंढरं घेऊन सिद्धेश्वरच्या धरणाकडे गेलेला होता, पोरगी त्याला शोधून घेऊन आली होती. तो संकोचून भिंतीला टेकला होता. "माझं नाव कशाला असंल साळंत? आठ म्हैने आलो असंन मी. मास्तरनं काटून टाकलं असंल."

काकांनी कपाट उघडलं. त्या सालाचं रजिस्टर बाहेरून धडधाकट दिसत होतं. पुठ्ठा उचलला आणि आतून माती सांडली. वाळवीनं पानं खाऊन पुठ्ठा तेवढा ठेवला होता.

 सत्यभामा त्या मातीकडे बघत राहिली. मी म्हणालो, "घाबरू नकोस, फोटो आहेत," आणि आम्ही ऑफिसात गेलो. तिथे मोठे सर डोक्याला हात लावून बसले होते. पाटलीण हलायला तयार नव्हती. एकही फॉर्म सेव्ह होत नव्हता, एकही फोटो उघडत नव्हता. पट्टी लालभडक. सरांनी हिंगोलीच्या मेकॅनिकला फोन लावला होता. त्यानं ऐकूनच निकाल दिला, "सर, फॉरमॅट मारना पडेगा." आतलं सगळं जाईल? जाईल. वाचवायचं असेल तर मशीन दुकानात न्यावी लागेल, दोन-तीन दिवस लागतील. दोन-तीन दिवस कोणाकडेच नव्हते. तो दुपारपर्यंत मोटारसायकलीवर येतो म्हणाला होता.

मोठे सर वाईट माणूस नव्हते. ते काकांकडे वळले. "मुंजाजी, मुलांचे फोटो पुन्हा काढता येतील, सह्या पुन्हा घेता येतील. धावपळ केली तर पाचच्या आत होईल. एकसष्ट लेकरांचं वर्ष आहे. मी काय करू?" त्यांनी सत्यभामाकडे बघायचं टाळलं.

काका म्हणाले, "करा ना सर. करायचंच हाय. पण त्यो येईस्तोवर मला बसू द्या पाटलिणीपाशी."

"काय करणार?"

"मोजतो."

मला खुर्चीत बसवून काका मागे वही घेऊन उभे राहिले. दारात सत्यभामा, तिच्यामागे किसन. प्रत्येक क्लिकला मशीन मिनिटभर विचार करायची.

"सर, आधी बाहेरून. डिस्क एकंदर केवढी?"

"एकशे अकरा जीबी."

"आता आतून. एकेक खोली."

एकेक फोल्डर उघडून मी त्याचं वजन सांगत गेलो, काका लिहीत गेले. विंडोज बावीस. रजिस्टरांचे फोटो एकतीस. बाकी सगळं मिळून पंधरा. अडुसष्ट झाले. "लपवलेलं दाखवायची खिट्टी असती ना, ती दाबा." दाबली. आणखी सहा निघाले. चौऱ्याहत्तर.

"सदतीस कमी भरले," काका म्हणाले. त्यांना वजाबाकी कागदावर करावी लागली नाही. "मोकळी जागा तर काईच न्हाई. मग सदतीस कुठं गेले, सर?"

मी पुन्हा बघितलं. लपलेल्यांमध्ये एक फोल्डर होतं, ते उघडायलाच तयार नव्हतं. वजन विचारलं तर शून्य सांगे, आणि आत जायला परवानगी नाही म्हणे. मी म्हटलं, "काका, हे रिकामं आहे."

"वजन शून्य अन् दाराला कुलूप? रिकाम्या खोलीला कोणी कुलूप लावतं व्हय?"

 काका वहीची पानं भराभर मागं उलटायला लागले. दीड वर्षामागचं एक पान निघालं. हाच मेकॅनिक तेव्हा पाटलीण दुरुस्त करायला आला होता, आणि तो जे जे करत होता ते काकांनी त्याच्या खांद्यामागून बघून उतरवून काढलं होतं. पानावर एक आडवी रेघ, रेघेच्या उजव्या टोकाला एक मणी. वर इंग्रजी अक्षरं, जशीच्या तशी: सिस्टिम प्रोटेक्शन. खाली मराठीत, 'मणी पार उजवीकडं सरकवला. काहून ते इचारलं, सांगितलं न्हाई.'

ती खिडकी मी शोधून काढली. उघडायला तीन मिनिटं लागली असतील, मला तीन तास वाटले. उघडली. तोच आडवा दांडा, तोच मणी, अजून उजव्या टोकालाच. आणि त्याच्या वर एक ओळ, सध्या वापरलेली जागा. छत्तीस पूर्णांक काहीतरी जीबी.

मी चक्क ओरडलो. पलीकडच्या वर्गातून एक शिक्षक धावत आले, त्यांना वाटलं करंट बसला.

मग काकांना समजावून सांगितलं. ही मशीन स्वतःत काही बदल करण्याआधी आपल्या जुन्या रूपाची एक प्रत लपवून ठेवते. बिघडलं तर मागं जाता यावं म्हणून. किती जागा वापरायची ते या मण्यावर ठरतं. मणी टोकाला नेलेला, म्हणून ती प्रतींवर प्रती साठवत गेली. आपण जागा मोकळी केली की तिनं तीही घेतली.

"बियाणं ठेवल्यावानी," काका म्हणाले.

"हो. पण सगळ्या वर्षांचं, आणि जुनं कोणी टाकून दिलंच नाही."

"अन् आपलं काई न्हाई ना त्यात? रजिस्टर, लेकराइच्या सह्या?"

"नाही. त्या आपल्या जागी आहेत."

"बराबर सांगून राहिले ना सर? अंदाजानं न्हाई?"

मी पडद्यावरच्या सूचनेकडे वळलो. आयुष्यात इंग्रजीची चार ओळींची सूचना मी इतक्या लक्षपूर्वक कधी वाचली नव्हती. एकदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचली, शब्द न शब्द मराठीत सांगितला. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

मोठे सर मागे येऊन उभे राहिले होते. "मुंजाजी, ती सुरक्षेसाठी ठेवलेली असते. काढली आणि मशीन बंद पडली तर?"

"सर, बंद पडली तर फॉरमॅट माराया त्यो येऊनच राहिला. जाणार ते तसंबी जाणारच हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळं काढू नका. सगळ्यात ताजं एक राहू द्या. घरात मूठभर बियाणं असावं."

तशी सोय खरंच होती. सगळ्यांत नवी प्रत ठेवून बाकीच्या काढायच्या. मी बटणावर बाण नेला आणि काकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली.  किसन पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आला, चपला बाहेर काढून. पट्टी संपली. मी डिस्कची खिडकी बंद करून पुन्हा उघडली, आणि लाल पट्टी निळी झाली होती. चौतीस जीबी मोकळी.

मोठ्या सरांनी काकांना खांद्याला धरून गदागदा हलवलं.  पाटलीण अशी पळायला लागली की तिला धाप कशाची लागत होती असा प्रश्न पडावा. मी दांड्यावरचा मणी धरून डावीकडे आणून ठेवला आणि काकांनी वहीत नवीन चित्र काढलं, तारखेसकट.

सव्वादोनला मेकॅनिक सीड्यांची बॅग घेऊन पोचला. काकांनी त्याला उंबऱ्यावर अडवलं, "चपला." मग आत बसवून चहा पाजला आणि जुनं पान त्याच्यापुढे धरलं. "हा मणी तुमीच सरकवला होता. काहून सरकवला तेवढं सांगा. पान अर्धं राहिलंय." तो पानाकडे बघून कसनुसा हसला. "काका, सेफ्टी के लिए किया था." काकांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्याला रस्त्यापर्यंत पोचवून आले.

साडेचारला एकसष्टावा फॉर्म गेला. पण त्याच्या कितीतरी आधी आम्ही रजिस्टरांचं फोल्डर उघडलं होतं. सालावरून पान शोधलं. वाळवीनं खाल्लेलं ते पान पडद्यावर शाबूत होतं, कडेला काकांचा अंगठा आणि बांबूची काडीसुद्धा. काकांनी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. किसनचं नाव, बापाचं नाव, गाव, जात, जन्मतारीख, शाळेत आल्याची तारीख. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात शेरा होता, तोही वाचला, "मेंढरांमागे गेल्यामुळे शाळा सोडली. अभ्यासात बरा."

किसन पुढे आला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो त्या ओळीवर वाकून बघत राहिला. "म्हंजे मास्तरनं माझं नाव काटलं न्हाई?"

"काटलं न्हाई. बरा होता म्हून लिवलंय."

"अभ्यासात?"

"अभ्यासात."

तो एकदम पोरीकडे वळला. "ऐकलं का गं?" सत्यभामा हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती. उतारा छापून, मोठ्या सरांची सही-शिक्का घेऊन ती दोघं गेली तेव्हा मला वाटलं, मी आजवर जे काही शिकवलं त्यापेक्षा आज जास्त काम झालं. आणि ते माझ्या हातून घडलं तरी माझं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी कंपासपेटीतला कर्कटक घेऊन एका सॉकेटातली लांबी कोरून काढली. सर समोर बसले होते, त्यांनी अडवलं नाही. तीन पेन ड्राइव्ह आणवले. एक सरांच्या घरी, एक माझ्याकडे, एक काकांच्या घरी देवळीत. मी म्हटलं, पाटलिणीतच दुसरी प्रत ठेवली असती. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "एकाच भिंतीत दोन बळदं काढून काय उपेग सर? भिंत पडली की दोन्ही गेली."

पुढं मला हिंगोलीत कायमची नोकरी लागली. काका निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाला मला जाता आलं नाही याची रुखरुख राहिली. ती गेल्या वर्षी मिटली. कामानं सेनगावला गेलो होतो, घसा धरला म्हणून सरकारी दवाखान्यात शिरलो. रक्तदाब तपासायच्या रांगेत काका उभे. आणखी वाळलेले. मला बघून हसले, पण रांग सोडली नाही.

टेबलामागे पांढऱ्या गणवेशात सत्यभामा होती. तिनं काकांना बघितलं आणि उठून त्यांना पुढं न्यायला लागली. काका हलेनात. "नंबरानं येतो. पुढं लेकुरवाळ्या बाया हायत." तिनं हात धरला तर हात सोडवून घेतला. शेवटी पाच-सहा माणसं झाल्यावर त्यांचा नंबर आला. ते स्टुलावर बसले, बाही वर केली. ती पट्टा गुंडाळायला वाकली तशी तिच्या छातीवरची नावाची पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

"थांब जरा," काका म्हणाले. खिशातून चष्मा काढून लावला. पट्टीवर इंग्रजीत नाव होतं. एकेक अक्षर लावत, ओठ हलवत, त्यांनी सावकाश वाचलं. सत्यभामा किसन. मग चष्मा न काढताच ते रांगेकडे वळले आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बापाच्या नावासकट हाय, बघा."

रांगेतल्या बायका माना उंच करून बघायला लागल्या. सत्यभामा लाजून लाल झाली होती, पण ती पट्टा हातात धरून तशीच सरळ उभी राहिली, सगळ्यांचं वाचून होईपर्यंत.